कागदी सदरा

आमच्या वस्तीत, कॅम्प चारमध्ये, बातमी अशी की विठामावशीने हाँगकाँगहून भूत आणलं. रिक्षावाला हरिचंद्र तर नाकातून सांगायचा, "सेंट, टॉर्च, बिस्किटं, आनि बॅगेच्या तळाला भूत! कष्टमवाल्याला दिसलंच न्हाई, बोला!"

साफ खोटं. भूत ती इथूनच घेऊन गेली होती.

विठामावशी मूळची बदलापूरजवळच्या चामटोलीची. आमच्या चाळीत तिची न् आमची भिंत एकच. मोहिनी भाभी म्हणून एक सिंधी शेठाणी होती, तिच्याकडे मावशी स्वयंपाकाला. नवरा आनंदाकाका अंबरनाथला फॅक्टरीत. त्याला एकच वेड, फॉरेन. पासपोर्ट काढून उशाखाली घेऊन झोपायचा. दम्याने छाती भरली की खोकायचा: खुक्, खुक्, आणि मग एक लांब 'हंऽऽ', कुणाचं तरी म्हणणं पटल्यासारखं. तो गेला, पासपोर्ट कोराच राहिला. पण मावशीने भातावरचं झाकण काढलं की पाठीमागे खुक्, खुक्, हंऽऽ. आम्हाला कधी ऐकू आलं नाही. तिला रोज.

अठ्ठ्याऐंशी साली भाभीची हाँगकाँगला दिलेली मुलगी बाळंत झाली. भाभी मदतीला मावशीला घेऊन गेली. घर इतक्या उंचावर की विमानं गच्चीवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांना घासून जायची म्हणे. मावशीला वाटलं, एवढ्या लांब काही तो यायचा नाही. पहिल्याच दिवशी भाताचं झाकण काढलं, आणि मागे खुक्, खुक्.

"दम लागलावता त्यांना," मावशी मला सांगत होती. "जिना चढून आल्यावानी."

मुक्काम संपत आला तशी तिची झोप उडाली. इकडे घरी तिची लेक द्रौपदी पहिल्या बाळंतपणाला येऊन बसलेली. पोटुशी बाईच्या घरात हा खोकला परत न्यायचा कसा?

निघायच्या आदल्या दिवशी भाभीने हात झटकले. "अड़ी विठा, आज छुट्टी मना. कल तो उड़ना है. जा, घूम के आ."

मावशीने डब्यात भात-भाजी भरली आणि खाली उतरली. वाट चुकू नये म्हणून एकाच रस्त्याने सरळ चालत राहिली. दुकानांच्या पाट्या सगळ्या किड्यामुंग्यांच्या. संध्याकाळ व्हायला आली तशी फुटपाथवर माणसं बसलेली दिसू लागली. पुढ्यात भाताच्या वाट्या, संत्री, उदबत्त्या. जेवत कोणीच नव्हतं. पत्र्याच्या डब्यात जाळ केलेला आणि त्यात ही माणसं कपडे टाकत होती. कागदाचे कपडे. कागदाच्या चपला. एकाने तर कागदाचं घड्याळ टाकलं.

मावशी सांगताना इथे आवाज खाली आणते. "चिमे, आपल्याकडं गनपतीबी यायचं व्हतं, आनि तिथं पितर येऊन बसल्यालं. मी वळखलं. त्यांच्या वाटणीची जागा सोडून बसली व्हती समदी."

तेवढ्यात मागून खुक्, खुक्.

मावशीने मागे पाहिलं नाही. ओळीच्या शेवटी बसली, डबा उघडून भात मांडला. शेजारच्या म्हातारीने आपली संत्री जरा सरकवली आणि हिच्या हातात एक कागदी सदरा दिला. मावशीने वीत लावून पाहिला. "ह्यांना खांद्यात व्हायचा न्हाई हो," ती चक्क मराठीत म्हणाली. म्हातारीने मोठा काढून दिला.

तो जाळात टाकताना मावशी म्हणाली, "फॉरेन फॉरेन करत व्हता ना? आलं फॉरेन. नवा सदरा घाला आनि ऱ्हावा हितंच. पोर बाळंतपनाला घरी आलीया, तिकडं येऊ नका."

खोकला आला. पण या वेळी पाठीमागून नाही. जाळाच्या पलीकडून, समोरून. खुक्, खुक्. आणि खूप लांब 'हंऽऽ'.

मावशी उठली आणि आल्या रस्त्याने निघाली. पाठीमागे सळसळ, नव्या कागदाची, तिच्या पावलाला पाऊल लावून. ती थांबली की सळसळ थांबे. सळसळ बिल्डिंगच्या दारापर्यंत आली. आत नाही आली. दुसऱ्या दिवशी विमानात तिने भाताचं झाकण काढलं आणि कान देऊन बसली. काही नाही.

हे ऐकून मी फिदीफिदी हसले. "म्हणजे यंदा पितृपक्षात पान ठेवायचं नाही वाटतं?"

"ठेवीन की. रीत हाय. पन कावळा शिवायचा न्हाई. जेवनारा हाय कुठं हितं?"

"कावळा काय विचारून जेवतो? मी उतरवते. लागली पैज?"

"लागली. हरलीस तर वरीसभर माझं पानी भरायचं."

कावळ्याचा आवाज मी असा काढते की कावळेसुद्धा फसतात. त्या दिवशीही फसले. चाळीच्या पत्र्यावर ही रांग लागली, काव काव नुसता गोंधळ. मावशीने भाताचं पान ठेवलं आणि सगळे एकदम गप्प झाले. माना वाकड्या करून बघत राहिले. एक उतरला, पानाभोवती चालला, बंद घराच्या दारात माणूस घुटमळतो तसा, आणि उडाला. मी घसा बसेपर्यंत ओरडले. सगळे उठले ते शेजारी हरिचंद्राच्या पानावर तुटून पडले. भात तोच, एकाच दुकानातला.

मावशीने पान उचलून गाईला घातलं आणि रिकामा हंडा माझ्या पायाशी आणून ठेवला.

"नळ पहाटं येतो, चिमे."