आधी डोळ्यांनी सांगा

कॉम्प्युटरच्या दोन्ही कॅबिनेटांवर शर्टिंगचं एक लांब कापड टाकायचं, कडा नीट ओढून घ्यायच्या आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणायचं, "किंमत मी मागून सांगतो. आधी डोळ्यांनी सांगा." काकांची ही रीत मी दीड-दोन वर्षं रोज पाहिली, तरी त्यांनी कापड उचललं की हातातलं काम थांबवून मी बघत राहायची.

बीडच्या कापडबाजारात त्यांच्या घराण्याचं दुकान होतं. थोरले भाऊ, म्हणजे अण्णा, गादीवर बसत. काकांनी वीस वर्षं त्यांच्या हाताखाली कापड फाडलं आणि चाळिशीनंतर एकाएकी दुकानाच्या एका बाजूला काच लावून कॉम्प्युटरचं काउंटर काढलं. तेव्हा गावात घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले होते. आई-बाप अभ्यासासाठी घेत आणि पोरं त्यावर खेळ खेळत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून काकांनी मला कामाला ठेवलं. खोक्यांवरचं इंग्रजी वाचायचं, मशीनमध्ये सॉफ्टवेअर भरायचं, गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही. शेवटची अट माझी होती. ती का, हे काकांनी "कावून?" म्हणून कधी विचारलंसुद्धा नाही.

खेळाचं चित्र पडद्यावर उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डांकडे ते कापडवाल्याच्याच नजरेनं बघत. हे 'सुती', हे 'टेरिकॉट', असं ते सरळ म्हणत आणि गिऱ्हाइकांना ते पटे. पहिल्या महिन्यात तर त्यांनी कहर केला. कापडाचा खरा रंग उजेडातच कळतो, म्हणून त्यांनी मॉनिटर उचलून दुकानाच्या दारात उन्हात नेऊन ठेवला. पडद्यावर समोरचा चहाचा गाडा आणि आमची दोघांची नि गिऱ्हाइकाची तोंडं दिसली, खेळ काही दिसेना. "ह्या मालाला अंधार लागतो म्हणा की," असं म्हणून त्यांनी तो परत आत आणला. त्यावर हसणाऱ्यांत तेच पुढे होते.

त्यानंतर कापड टाकायची रीत निघाली. सारखे दोन मॉनिटर, सारखी दोन मशीन, फक्त आतली कार्डं वेगळी. गिऱ्हाईक जो खेळ घरी खेळणार, तोच लावायचा. दोन्हीकडे खेळून कुठलं भारी ते त्यानं सांगायचं. ओळखता आलं, तर भारी घ्यावं. न आलं, तर कावून घ्यावं?

तुम्ही म्हणाल, असा दुकानदार चालायचा कसा? अण्णांचंही तेच म्हणणं होतं.

त्या वर्षी काकांनी पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे एक कार्ड पाहिलं. तेव्हाचं सगळ्यात वरचं, खोकंच मिठाईच्या पुड्याएवढं. पडद्यावर हलणारं पाणी पाहून ते इतके हरखले, की गिऱ्हाईक ठरलेलं नसताना विकत घेऊन आले. मग ते कार्ड पडूनच राहिलं. पुण्यात दर दोन-तीन महिन्यांनी नवं कार्ड निघे आणि आमच्याकडच्या जुन्याची किंमत आपोआप उतरे. अण्णा रोज काचेपलीकडून विचारत, "गेलं का तुझं डबडं?" पुढे त्यांनी निकालच दिला. "दसऱ्यापतुर गेलं तर ठीक. न्हाई तर दिवाळीला हितं साड्या लागतील. तू परत माझ्या बाजूला ये."

त्या दिवशी काकांनी काउंटरची काच दोनदा पुसली.

दसरा चार दिवसांवर आला आणि तलवाड्याहून एक जीप आली. बड्या बागाईतदाराचा मुलगा, सोबत एक मित्र. उभ्या-उभ्याच म्हणाला, "सगळ्यात भारी कार्ड द्या, काका. पैशाचं बगू नका."

काचेपलीकडे अण्णांची कात्री थांबली. मी मान खाली घालून मनातल्या मनात म्हणत होते, आज नको, काका. आजच्या दिवस ते कापड राहू द्या.

काकांनी कापड उचललं.

"खेळ कुठला खेळता?"

त्यानं पिशवीतून मोटारींच्या शर्यतीची सीडी काढली. दोन्ही मशीनवर दहा-दहा मिनिटं खेळला. मग डावीकडे बोट केलं. "हेच भारी."

"बघा पुन्हा."

"हेच हाय हो."

काकांनी कापड काढलं. डावीकडे मधल्या किमतीचं कार्ड होतं. मित्र खो-खो हसला, "घे बे, आता हेच घे! बापाचे पैसे वाचले."

"घरचा मॉनिटर केवढा?" काकांनी विचारलं.

"पंधरा इंची."

"त्येला हे मधलं लई झालं. त्या भारीची किंमत तिप्पट हाय. तिप्पट खेळ दिसला का तुमाला?"

तो लाजत हसला आणि मधल्या कार्डाचं खोकं घेऊन गेला.

जीप वळायच्या आत अण्णा काच सरकवून आत आले. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "लक्ष्मी दारात आलती, अन् तू तिला पाट द्यायचा सोडून परीक्षा घेतो? फरक दिसत न्हाई तर पैसे कशाचे घातले? फसला तू. कबूल कर."

"फरक हाय, अण्णा."

"कुठं हाय? दाखव मला."

"बसा मग." काकांनी अण्णांना दिसू न देता मशीनची अदलाबदल केली आणि पुन्हा कापड टाकलं.

अण्णांचा असा कुठला खेळ नव्हता, म्हणून लावायचं माझ्यावर आलं. मी न विचारता होड्यांच्या शर्यतीचा खेळ लावला. त्यात पाणीच पाणी होतं. होडी मीच चालवली, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. अण्णा चष्मा कपाळावर चढवून पुढे वाकले आणि अर्ध्या मिनिटात पडद्याजवळ चिमूट नेली, जणू पोत बघायचा होता.

"हे. ह्याच्या पाण्याला झळाळी हाय. त्या दुसऱ्याचं पाणी नुस्तं रंगवलेलं."

काकांनी कापड काढलं. बरोबर होतं.

"कितीला म्हणालास हे?"

काकांनी आकडा सांगितला.

"एवढ्या पाण्यासाठी एवढे? खुळा हाय का घेणारा!" अण्णा बोलून गेले, आणि त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. तलवाड्याच्या मुलाला काकांनी वेगळं काय सांगितलं होतं? मी कीबोर्डकडे बघत राहिले. मग अण्णा उठले. "साड्या वरच्या मजल्यावर लावू," म्हणाले आणि गादीवर जाऊन बसले.

दिवाळीत तलवाड्याची आणखी पोरं आली. सगळ्यांना कापडाखालची परीक्षा द्यायची होती, आणि बहुतेक सगळी मधलं कार्ड घेऊन गेली. ते भारी कार्ड पुढे एका फोटो स्टुडिओवाल्याला उतरत्या भावात गेलं. मोठा पडदा त्याच्याकडेच होता. त्याला फरक ओळखता आला, म्हणून काकांना तोट्याचंही काही वाटलं नाही.

मी लग्न होऊन पुण्याला आले. काका गेल्याचं मला उशिरा, कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं.

मला आठवते ती दसऱ्याआधीची दुपार. अण्णा पाणी ओळखून गादीवर परतले तेव्हा काकांनी दार अर्धं लोटलं आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसले. कीबोर्ड पुढे ओढून म्हणाले, "ताई, ही होडी पुढं कशी न्यायची?" मी बाण दाखवले. त्यांनी एकच बाण दाबून धरला. होडी काठाला धडकली, उलटी फिरली आणि जागच्या जागी गोल-गोल फिरत राहिली. चहूकडे ते झळाळतं पाणी उडत होतं, आणि काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. बाण काही सोडत नव्हते.