वीस उतरवून दाखव

आमच्या इमारतीत गाणी, भाषणं रेकॉर्ड करून देणारा एक गृहस्थ राहायचा. आम्ही त्याला डेसिबल म्हणायचो, आणि तोंडावरच म्हणायचो, कारण पाठीमागे म्हटलेलंही त्याला ऐकू जायचं. माणूस कडूजहर. बायकोने बशी खाली ठेवली तरी डोळे वटारायचा.

त्याच्या खोलीखालचा गाळा घेतला त्याच्याच साडूने, आणि पत्रे कापायची दोन मशिनं लावली. बायका सख्ख्या बहिणी, पण यांचं पहिल्या भेटीपासून विळ्याभोपळ्याचं सख्य. खाली मशिनं सुरू झाली की वर मायक्रोफोनमध्ये गाण्याऐवजी पत्रा! गिऱ्हाईक फिरकेना. डेसिबलचा धंदा बसायची वेळ आली.

शेवटी इमारतीची सभा भरली. मध्यस्थ म्हणून मला दोघांच्या मधे बसवलं, म्हणजे शिव्या माझ्या डोक्यावरून. डेसिबलने आवाज मोजायचा मीटर टेबलावर ठेवला. आपल्या खोलीत साठ डेसिबल येतात असं सांगितलं आणि साखरेच्या पाकात घोळून म्हणाला, "साठातले वीस उतरव. जास्त मागत नाही."

साडूने मनात वजाबाकी केली. मीही केली, गावच्या शाळेत शिकवलेली. साठातून वीस गेले, उरले चाळीस.

"एक मशीन बंद करतो, तीस उतरतील," साडू म्हणाला. "वरचे दहा तुला भीक."

सगळ्यांदेखत शब्द दिला त्याने. फिरवलास तर गाळ्याची वीज तोडू, असं सभेनेही ठणकावलं.

एक मशीन बंद झालं. आम्ही वर जाऊन पाहिलं, तर मीटरवर सत्तावन्न.

मीटर खोटा म्हणून साडूने थयथयाट केला. डेसिबलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने सांगितलं, हा हिशेब पटीचा. जोर निम्मा झाला की तीनच उतरतात, दहावा हिस्सा राहिला की दहा, आणि वीस उतरवायचे तर शंभरावाच हिस्सा उरला पाहिजे. "जमत नसेल तर हाताने पत्रा फाडत बस, साडूभाऊ."

मशिनं उचलावी लागली. साडूने ती टेम्पोत चढवली. वर खिडकीत डेसिबल दात काढून उभा.

पुढच्याच आठवड्यात साडूने तो गाळा भाड्याने दिला. कुणाला, तर ढोल शिकवणाऱ्याला! डेसिबल तावातावाने साडूच्या घरी गेला, मीही मागोमाग. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली, तर साडू शांतपणे म्हणाला, "शब्द मशिनांचा होता. चामड्याचं काही बोललो होतो का?"

परत आलो तर खाली शिकवणी रंगात आलेली. मीटरवर बासष्ट. मी आपलं समजूत घालायला म्हटलं, दोनच तर वाढलेत.

"दोनच?" तो माझ्यावरच खेकसला. "दोन वाढले म्हणजे जोर दीडपट! दोन मशिनांवर तिसरं आणून बसवल्यासारखंच केलंय मेल्याने!"

अखेर त्याने खोली सोडली. सामान निघालं त्या दिवशी साडू फिरकला नाही. ढोलवाल्याला तेवढं निरोप पाठवून सांगितलं, आज जरा जास्त वेळ वाजव.