दार थोडं उघडं राहू दे

मॅडम गेल्याचं आईनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवणाआधीचं इन्शुलिन घेत होते. हात थांबला नाही. सुई काढली, डबा उघडला, पोळी-भाजी सगळी संपवली आणि मग रडले. इन्शुलिन घेऊन उपाशी राहायचं नाही, रडणं नंतरही करता येतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्याला आता दीड महिना होईल.

डॉ. सुमेधा मॅडमचा लहान मुलांचा दवाखाना विश्रांतवाडीत होता, भिंतीवर मोठा ससा रंगवलेला. सातवीत मला मधुमेह निघाला तेव्हापासून मी त्यांची पेशंट. माया भरपूर, पण ती तोंडावर कधी दिसायची नाही. मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आईनं दिलं की म्हणायच्या, "अहो आई, साखर कोणाची वाढलीय? तुमची असेल तर तुम्ही बोला." दहावीनंतर तर त्यांनी आईला बाहेरच्या बाकावरच बसवायला सुरुवात केली. वर दर भेटीत एक नाटक. त्या मोठ्यांचे डॉक्टर व्हायच्या, मान खाली घालून, माझ्याकडे न बघता "हं, बोला" म्हणायच्या आणि मी माझा आजार, डोस, त्रास सगळं स्वतः सांगायचं. अडखळले की "पुढचा पेशंट" म्हणून बेल वाजवायच्या. मला संताप यायचा. अठरा पूर्ण झाल्यावर मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, त्याची ही तयारी. आणि मला तर जायचंच नव्हतं. त्यांच्याकडची काही पेशंट मुलं तिकडे एकदा जाऊन पुन्हा फिरकली नव्हती, औषधंही सोडून बसली होती... मॅडमना त्याचीच धास्ती होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

अठरा उलटली तरी मी टाळत राहिले. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. त्यातलाच एक करून मला येरवड्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. "पगार घेणारी बाई सशाखाली बसलेली बरी दिसत नाही," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनीच नव्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्या दिवशी मी आणि आई पोचलो, तर मॅडम आधीच हजर. म्हणे, या बाजूला काम होतं. माझ्याबरोबर आतही आल्या.

नवे डॉक्टर अगदी नाटकातल्यासारखेच, मान खाली. "काय त्रास?" मी तोंड उघडायच्या आत मॅडम सुरू झाल्या. सातवीपासूनचा सगळा इतिहास, कधी चक्कर आली, कुठला डोस बाधला... मी ऐकत राहिले. इतकं बरं वाटत होतं की तशीच गप्प बसले असते, कदाचित कायमचीच. मग म्हटलं, "मॅडम, साखर कोणाची वाढलीय?" डॉक्टरांनी पहिल्यांदा मान वर केली. मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. पर्स उचलून दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "बसते मी बाहेर. दार मात्र पूर्ण लावू नकोस." तपासणी झाल्यावर बाहेर आले, तर आई आणि त्या एकाच बाकावर, दोघींचे डोळे ओले. "आवाज खणखणीत आहे तुझा," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले होते. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरनं मलाच विचारलं, "आजींना आज कसं वाटतंय?" मी सांगायला लागले... तोच उशीवरून आवाज आला, "तू बाहेर बस." मी बसले, दार थोडं उघडं ठेवून. आत त्या आपलं दुखणं न अडखळता सांगत होत्या. आमची ती शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात माझी तपासणी होती. आई आता गुडघ्यांमुळे येत नाही. बाहेरचा बाक रिकामा होता. मी आत गेले, तशी डॉक्टर म्हणाले, "दार लावून घ्या."

"राहू दे, डॉक्टर," मी म्हटलं. "थोडं उघडं राहू दे."

मग साखर, डोस, पायाला येणाऱ्या मुंग्या, सगळं सांगितलं... जरा मोठ्या आवाजात.