हळदीकुंकू लावलेली रायफल

कमलाकर दिघे या माणसाला कुठलीही वस्तू सरळ विकत घेता येत नाही. साधा टोस्टर घ्यायचा तर हा साउथहॅम्प्टनमधली सगळी दुकानं पालथी घालतो आणि शेवटी घरी येऊन तव्यावरच पाव भाजतो. बंदरावरच्या क्रेन तपासण्यात याचं नोकरीचं आयुष्य गेलं. निवृत्त झाला तरी संशय घ्यायची सवय काही सुटली नाही. त्यामुळे २००८ साली एक नवी सेमी-ऑटोमॅटिक रायफल बाजारात आली, तेव्हा माझ्या डोक्याला किती ताप झाला असेल ते विचारू नका.

आम्ही दोघं एकाच रायफल क्लबात, कागदी निशाण्यावर नेम धरणारे. इथे इंग्लंडात तसली रायफल मिळते ती फक्त पॉइंट टू-टूची, लहान गोळीची. तिच्यावरून क्लबात दोन तट पडले. एक तट म्हणे, हलकी आहे, नेम पक्का, तुम्ही घोडा दाबा, बाकीचं ती बघते. दुसरा म्हणे, निम्मी प्लॅस्टिकची आहे, थंडीत अडकणार. कमलाकर दोन्ही तटांत. सकाळी फोन करून म्हणायचा, "घेतोच मी!" संध्याकाळी पुन्हा फोन. "अरे, पण पहिल्या बॅचला शहाणा माणूस हात लावतो का?"

"मग नको घेऊस! सोड ना माझा पिच्छा!" मी एकदा ओरडलोच.

मग म्हणाला, "माझा अंगठा गेलाय रे."

उजव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात होता, चार वर्षांपासून. जुन्या रायफलीत प्रत्येक गोळीनंतर बोल्ट नावाचा दांडा हातानं मागे ओढावा लागतो आणि तो ओढताना याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नवी रायफल पुढची गोळी आपली आपण भरते. ती मिळाली तर याचा क्लब टिकणार, नाहीतर बंद. "पण ती अडकली तर? अडकलेली गोळी काढायला पुन्हा अंगठाच लागणार ना?" इथेही संशय होताच. वर बायकोबद्दल मला ताकीद, "प्रमोदिनीला बोलू नकोस. तिला कळलं तर उद्याच सगळं बंद करेल."

आणखी एक रायफल घ्यायची तर लायसन्स वाढवून घ्यावं लागतं. त्यासाठी पोलिसांकडून माणूस घरी येतो, बंदुकीचं कपाट तपासतो. त्या कपाटाची चावी कुठे आहे हे लायसन्सवाल्याखेरीज कुणालाही, अगदी बायकोलाही, ठाऊक असता कामा नये. कमलाकर छाती फुगवून सांगायचा की त्याची चावी देवालासुद्धा सापडणार नाही.

भेटीचा दिवस ठरला तो नेमका दसऱ्याचा. धीर द्यायला म्हणून मला बोलावलं होतं, आणि श्रीखंडही होतं. मी दारात पोचलो तेव्हा पोलिसांकडच्या बाई गाडीतून उतरत होत्या. प्रमोदिनीवहिनींनी दार उघडलं. हातात निरांजनाचं तबक, चेहऱ्यावर आनंद.

"या भावोजी! प्लीज कम, मॅडम! टुडे व्हेरी गुड डे!"

आत देवांपुढे पाट मांडलेला. पाटावर रायफल. रायफलीला हळदीकुंकू, नळीवर झेंडूचा हार. शेजारी वहिनींची शिवणाची कात्री आणि मिक्सरचं भांडं, त्यांनाही कुंकू.

कमलाकर ओल्या केसांनी जिना उतरला आणि पायरीवरच थिजला.

"कपाट कोणी उघडलं?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"मी," कमलाकर पटकन म्हणाला. उभ्या जन्मात हा इतक्या चटकन कधी बोलला नव्हता.

"अहो, काय सांगताय! तुम्ही तर अंघोळीला गेला होतात!" वहिनी म्हणाल्या आणि बाईंकडे वळल्या. "नो नो, आय ओपन! की इज इन हिज ओल्ड सॉक्स. आय वॉश दोज सॉक्स, नो?"

बाईंनी पेन काढलं. हातात एक रायफल असताना दुसरी कशाला, असंही त्यांनी विचारलं. आता लपवून काय उपयोग? कमलाकरनं अंगठ्याचं सगळं सांगितलं. वहिनींचं तबक हातातच राहिलं.

बाई वाईट नव्हत्या. हार त्यांनी स्वतः अलगद काढून पाटावर ठेवला. पण रायफल त्या घेऊन गेल्या आणि नव्या रायफलीचा अर्ज तिथेच थांबला. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या.

दार लागलं. कमलाकर माझ्याकडे वळून तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनींनी त्याचा उजवा हात धरला आणि अंगठा दाबला. तो कळवळला.

"चार वर्षं?" वहिनींचा आवाज फाटला. "पोलीस सांगत होते चावी लपवा, ती तुम्हाला लपवता आली नाही. आणि हे लपवलंत. माझ्यापासून."

वहिनी तेल गरम करायला आत गेल्या. जेवायचं कुणाच्या लक्षात येईना, तेव्हा मीच उठून तिघांचं श्रीखंड वाढलं. कमलाकरच्या हातात मी चमचा दिला, तो त्यानं डाव्या हातात घेतला.