साखऱ्याच्या तांड्यावर मी चालून दाखवलं

अपंगत्व, शरीर, लैंगिकता, जात, हक्क यांवर कोण चांगलं लिहितंय, ते ब्लॉग सुचवा, असा धोशा तुम्ही वाचक गेले कितीतरी महिने लावून आहात. यादी तयार आहे आणि ती मी देणारच आहे. पण ती तुमच्याआधी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तांड्यावर जाऊन पोचली आणि तिने तिथे जे काही उद्योग केले, ते मला तिथे गेल्यावर कळलं. म्हणून आधी प्रवास, मग यादी.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी सुजाता. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून चाकांच्या खुर्चीत. उजव्या हातातही जोर बेताचाच. राहते छत्रपती संभाजीनगरला. विलास माझा जोडीदार. तो बंजारा, मी बौद्ध. त्याचं घर सेनगाव तालुक्यात, साखऱ्याजवळच्या तांड्यावर. लग्न करायचं आमचं ठरलं, त्याने ते घरी सांगितलं, तर त्याची आई फोनवर एवढंच म्हणाली, "घेऊन ये. पाहू." आईला त्यांच्याकडे याडी म्हणतात. याडीच्या त्या 'पाहू'चा आम्ही दोघांनी महिनाभर कीस पाडला.

विलास म्हणायचा, नाही म्हणाली तरी आपण करू. मला ते पटत नव्हतं. माझ्यासाठी कुणी घर तोडून आलं, तर ते तुटलेलं घर जन्मभर माझ्याच मांडीवर बसणार. माझ्या मांडीवर आधीच पर्स, डबा, पाण्याची बाटली आणि छत्री असते. त्यामुळे याडीचं हो मला हवं होतं, मनापासूनचं.

जानेवारीतल्या एका शनिवारी विलासच्या मित्राची गाडी घेऊन निघालो. निघताना माझ्या आईने पोळीचा डबा दिला आणि हळूच म्हणाली, "पाणी कसं देतात ते बघ गं." तिच्या पिढीने बरंच बघितलंय. वरून ओंजळीत ओततात की हातात तांब्या देतात, यावरून ती घर ओळखते.

आता गंमत अशी, की प्रवासात मी पाणी पीतच नाही. खुर्चीवरून फिरणाऱ्या बायकांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. रस्त्यात आम्हाला चालेल असा संडास मिळेलच याची खात्री नसते, म्हणून आदल्या संध्याकाळपासून घसा ओला करण्यापुरताच घोट घ्यायचा. जालना, मंठा, जिंतूर असा रस्ता आहे. बराचसा चांगला, मध्येमध्ये हाडं मोजून घेणारा. वाटेत तीन धाब्यांवर चौकशी केली. पहिल्याच्या दाराला दोन पायऱ्या, दुसऱ्याचं दार खुर्चीपेक्षा अरुंद, आणि तिसऱ्याचा मालक म्हणाला, "ताई, मागं मोकळं शेत हाय की." त्याच्या बिचाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. औंढ्याला देवळाची कोरीव भिंत बाहेरूनच डोळे भरून पाहिली, डब्यातली पोळी खाल्ली आणि संध्याकाळी हिंगोलीत पोचलो.

मुक्कामासाठी स्टँडजवळच्या लॉजवर तळमजल्याची खोली फोनवर सांगून ठेवली होती. भाडं आठशे रुपये, गरम पाणी सकाळी बादलीने. बाथरूमला उंबरा आहे, पण दार रुंद. लग्न न झालेल्या जोडप्याला एक खोली म्हटलं की मॅनेजर लोक कशा नजरेने बघतात, ते तुम्हाला माहीत असेल. इथल्या मॅनेजरने आमच्या दोघांच्या आधारकार्डावरची वेगवेगळी आडनावं पाहिली, मग माझी खुर्ची पाहिली आणि प्रेमाने विचारलं, "आप इनके भाई हैं ना?"

विलास काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मुँहबोले."

"बहुत सेवा करते हो भाई," असं म्हणून त्याने चावी दिली. तर जोडप्यांनो, खोली मिळत नसेल तर दोघांपैकी एकाने खुर्चीत बसून बघावं. जगाच्या लेखी खुर्चीतल्या बाईला भाऊ असतो, बाप असतो, सेवक असतो. प्रियकर काही असत नाही. त्या रात्री आम्ही यावर पोट दुखेपर्यंत हसलो, आणि दिवा मालवल्यावर मला थोडा रागही आला. कारण तांड्यावरही हेच होणार, असं मनात आलं होतं.

रविवारी सकाळी सेनगावच्या रस्त्याने नरसी नामदेवला थांबलो. नामदेव महाराजांचं जन्मगाव. रस्त्याकडेला पेढे, फुटाणे, तुळशीच्या माळा यांची दुकानं आहेत. विलास नारळ घ्यायला गेला तेवढ्यात एक आजोबा आले, माझ्या मांडीवर दहाचं नाणं ठेवून नमस्कार करून निघून गेले. देवळाजवळ खुर्ची उभी केली की असं होतं. पूर्वी मी मागे हाका मारून परत द्यायची. आता नाही देत. त्या दहा रुपयांचा एक कट चहा घेतला आणि दोघांत प्यायलो. माझ्या वाटणीचा घोटभरच. चहावाली बाई म्हणाली, "चहा बी पुरता पिला न्हाई बाई. काहून?" मी म्हटलं, पुढे मोठी परीक्षा आहे.

सेनगावहून पुढे रस्ता अरुंद होतो. दोन्ही बाजूंना तूर आणि हरभरा. गाडी नसेल तर हिंगोलीहून सेनगावपर्यंत एसटी आणि पुढे जीप मिळते. घडीची खुर्ची टपावर बांधून देतात, फक्त दोरी आपली असावी. तांड्याच्या अलीकडे शेवटचा तुकडा मुरमाचा आहे आणि तिथे माझी पाठ आणि धीर दोन्ही सुटत आले होते.

अंगणात सतरंजी टाकलेली, सगळे जमलेले. याडी उंच, हडकुळी, हातभर बांगड्या, नजर अशी की माणूस आपोआप नीट बसावा. घरात ही मंडळी आपसात गोरमाटी बोलतात, माझ्याशी मराठी. विलासची वहिनी, कविता, हिच्याशी माझी फोनवर चांगली ओळख होती. विलासने घरी सांगितल्यावर तिनेच मला विचारलं होतं, "ताई, तुमच्यासारख्यांचा संसार कसा असतो, ते कुठं वाचायला मिळंल का?" तेव्हा मी तिला ही यादी पाठवली होती. पुढे ती त्यावर काही बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

याडीने तांब्या आणला आणि तो सरळ माझ्या हातात दिला. घरातला, सगळ्यांचा, चिंच लावून घासलेला. आईला सांगायला उत्तर मिळालं. मी ओठाला लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. याडीने ते पाहिलं.

मग नायक बोलले. नायक म्हणजे तांड्याचे प्रमुख. आता कारभार ग्रामपंचायतीकडे गेला, पण मान त्यांचाच. वय बरंच, नजर मंद. गावात पोरगी बघायचा कार्यक्रम झाला की ते मधे बसणार आणि ठरलेले प्रश्न विचारणार. नाव काय, शिक्षण किती, भाकरी येती का. त्यांनी तेच विचारलं, मी उत्तरं दिली. आणि मग तोंडाला सवय असल्यामुळे ते म्हणाले, "बराबर. आता जरा चालून दाखव, बाई."

अंगण गार पडलं. विलासचा भाऊ जमिनीकडे बघायला लागला. नायकांनाही आपण काय बोललो ते उमगलं असावं, त्यांचा हात पागोट्याकडे गेला. विलास उठायला लागला, त्याला मी डोळ्यांनीच बसवलं. मला खरं सांगायचं तर रडू येत होतं. माझ्या मोठ्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे तेव्हा तिला चालायला लावायचे, आणि मी आतल्या खोलीत असायची. मला चालून दाखव असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. कारण मला बघायला कधी कुणी आलंच नव्हतं.

मी ब्रेक काढला. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाच्या कडुनिंबापर्यंत खुर्ची नेली, झोकात वळवली आणि परत आणली. शेणाने सारवलेलं अंगण छान सपाट होतं, चाक जरासुद्धा अडलं नाही.

नायकांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "चाल सरळ हाय. बराबर हाय." आणि पहिली हसली ती याडी.

हसण्याच्या गडबडीत ती माझ्याजवळ आली आणि तांब्या पुन्हा हातात देत म्हणाली, "आता पी. तिकडं मागं बांधून ठेवलंय तुझ्यासाठी. कविता, दाखव तिला."

मागे, गोठ्याच्या बाजूला नवीन सिमेंटचा संडास होता. उंबरा नाही. दार रुंद. आत बसायचं भांडं माझ्या खुर्चीच्या गादीच्या उंचीला, आणि धरायचा लोखंडी दांडा डाव्या हाताला.

तो दांडा पाहून मी दारातच ब्रेक लावला. जगात सगळे दांडा उजवीकडे लावतात. मला डावीकडे लागतो, हे विलासने सांगितलं असेल म्हणावं, तर त्याच्या कधी लक्षातच आलं नव्हतं, घरी मी भिंत धरून भागवते. हे मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं. आता सांगूनच टाकते. या प्रवासाच्या ब्लॉगखेरीज माझा आणखी एक ब्लॉग आहे, नाव न घालता लिहिलेला. त्यात संडासाचं आहे, पाणी तोडण्याचं आहे आणि बाकीचंही सगळं आहे. शरीराची भूक, लाज, पहिला स्पर्श, खुर्चीतून पलंगावर जाताना दोघांची उडालेली तारांबळ. त्यात विलासचं नाव कुठेही नाही, नुसतं 'तो' आहे.

"वहिनी," मी विचारलं, "हे तुम्हाला कुठून कळलं?"

कविता वहिनीने पदर तोंडाला लावला. "तुमी पाठवलेल्या यादीत त्या अंध पोरीचं होतं न्हाई, तिनं खाली दुसऱ्या एकीचं दिलं होतं, हे बी वाचा म्हणून. वाचता वाचता आलं, की तो मे महिन्यात बी पायमोजे घालून झोपतो. म्हटलं, असा माणूस आमच्याच घरात हाय."

मला सिमेंटमध्येच गाडून घ्यावंसं वाटलं. "आणि याडीला?"

"याडीला वाचता येत न्हाई. मी वाचून दाखवलं, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. समदं न्हाई. काही काही सोडलं."

"काय सोडलं ते मला कळत व्हतं," मागून याडीचा आवाज आला. "ही मधीच गप बसायची आन् शेंगा जोरात सोलायची."

ती येऊन ओट्यावर बसली, माझ्या उंचीला. म्हणाली, "मला तुझ्या पायाची धास्ती नव्हती पोरी. धास्ती दयेची व्हती. वाटलं, पोरगं दया करून राहिलं. दया वर्स दोन वर्सं टिकती, मंग तुझे हाल आन् त्याचे बी. कवितानं वाचलं तवा कळलं, तुमी दोघं एकमेकाला धरून हाव. त्यात दया न्हाई."

लाजेने कान तापले होते आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं की काय सांगू. जे लिहिलेलं तिने वाचलं तर सगळं संपेल असं मला वाटत होतं, तेच तिला ऐकायचं होतं. मी तांब्याभर पाणी एका दमात प्यायले. मग आणखी अर्धा.

जेवायला ज्वारीची भाकरी, तिला तिथे बाटी म्हणतात, आणि तुरीचे सोले घातलेलं वांग्याचं कालवण. एका परातीत आम्ही तिघी जेवलो. विलासला अजून काहीच माहीत नव्हतं, आणि वहिनी त्याच्या पायांकडे बघून हसत होती. तारीख उन्हाळ्यातली धरायची, असं नायकांनी उठता उठता सांगितलं. रात्री आईला फोन केला. म्हटलं, हातात दिला तांब्या. ती म्हणाली, "बरं झालं. झोप आता."

सोमवारी परतलो, जिंतूर, मंठा, जालना. तेच धाबे, तेच उंबरे. प्रवासाने ते काही बदलले नाहीत. आता यादी. नागपूरची ती अंध मुलगी, जी डेटिंगबद्दल खट्याळ लिहिते. कुबड्या घेऊन जातिअंताच्या सभांना जाणारे सोलापूरचे गुरुजी. कर्णबधिर नवऱ्याबरोबरची भांडणं खुणांसकट मांडणारी लातूरची बाई. परभणीची तृतीयपंथी मैत्रीण, जिचं घर शोधण्याबद्दलचं लिखाण प्रत्येक घरमालकाने वाचावं. आणि तो बिननावाचा ब्लॉग. त्यावर कालपासून माझं नाव आहे. सगळ्यांचे दुवे बाजूच्या रकान्यात दिलेत.

पुढच्या रविवारी पुन्हा तांड्यावर जायचंय. आत्ता हे लिहीत असताना याडीचा फोन येऊन गेला. विलासची चौकशी नाही, तारखेचं काही नाही. म्हणाली, "निघताना पाणी पिऊन निघ."