लिफ्ट चालवणाऱ्याला दिलेली कादंबरी

माझे वडील, अण्णा, ओळीखाली बोट धरून वाचतात. "महानगर कळायचं तर हीच वाचा," म्हणत मी त्यांना एक कादंबरी दिली होती. काल ते बोट मध्येच थांबलं.

"अवघड जातंय का?"

"नाही रे. ही माणसं रोज अठराव्या मजल्यावर जातात, पण लिफ्टवाल्याशी कुणीच बोलत नाही. आमच्या लिफ्टमध्ये तर लोक पोरांचे मार्कसुद्धा सांगायचे."

अण्णांनी त्याच शहरात तीस वर्षं लिफ्ट चालवली, म्हणून घरातला पहिला पदवीधर मी झालो. आणि शहर मी त्यांना समजावत होतो! दोनदा वाचूनही मला त्या कादंबरीत लिफ्टवाला आठवला नव्हता.

"पुढं येत असेल," म्हणत अण्णांनी पान उलटलं.

तो येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.