चंद्रपूर ते मूल: सुनेच्या अपडाऊनची पाहणी

आमच्या चंद्रपुरात कुणाला बाहेरगावी नोकरी लागली की लोक पगार नंतर विचारतात. आधी विचारतात, "अपडाऊन करणार की खोली घेणार?" माझ्या सुनेला, पल्लवीला, मूलच्या एका दवाखान्यात रक्त तपासणीच्या लॅबमध्ये जागा मिळाली आणि हाच प्रश्न आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. मूल इथून पंचेचाळीसेक किलोमीटर. माझी नात इरा चार वर्षांची, त्यामुळे खोलीचा विषयच नव्हता. होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होती.

माझा मुलगा निखिल हिशेबी. त्याने कागदावर तीन रकाने आखले: खर्च, वेळ, सोय. बाजूला लिहिलं बस, रेल्वे, कार. "यात कुठे बसलं तर हो म्हणू," तो म्हणाला. स्कूटी त्याने लिहिलीच नाही, कारण वाटेत जंगल आहे आणि तिथे वाघ रस्ता ओलांडतो. पल्लवी स्वतः जाऊन बघणार होती, पण इराला कांजिण्या आल्या आणि ती आईच्या मांडीवरून उतरेना. मग मी म्हटलं, मी जाते. मी घरापासून सात मिनिटांवरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि पुढे तिथेच शिकवून निवृत्त झाले. सकाळी डबा घेऊन बस पकडणाऱ्या बायकांचा मला कायम हेवा वाटत आला होता. त्यांच्यासारखाच मीही डबा भरला.

मंगळवारी साडेसातची बस. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पन्नाशीच्या आतच काम झालं. पुढच्या खिडकीशी बसायला गेले तर मागून एक जण म्हणाली, "बाई, तिथी नका बसू. तिथी तहसीलवाली मॅडम बसते."

"रिझर्व्हेशन आहे का?"

"नाई. पण बसते."

ही मॅडम म्हणजे वंदनाताई, मूलच्या तहसील कचेरीत कारकून. बंगाली कॅम्पच्या चौकात त्या पोहोचल्या नव्हत्या, तर कंडक्टरबाईंनी दोन मिनिटं घंटीच मारली नाही. वंदनाताई धापा टाकत चढल्या, मला बघून म्हणाल्या, "सरका थोडं, दोघी बसू." मी का आले ते सांगितलं, आणि पुढच्या तीन रांगा माझ्या सल्लागार झाल्या.

"सुनेसाठी सासू अपडाऊन करून राह्यली म्हणते," वंदनाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "माह्या सासूनं मले फाटकापर्यंत नाई सोडलं."

"तुले सोडलं असतं तं तू परत आली असती का?" मागून कुणीतरी टोला दिला.

मी वाघाचं विचारलं. "दिसते कधीमधी," वंदनाताई म्हणाल्या. "ड्रायव्हरभाऊ गाडी हळू करते, आमी पाह्यतो, तो जाते. पण लेट झालं तं आमचे साहेब वाघाचं कारण मानत नाई."

चिचपल्ली मागे पडली आणि धुकं आलं. सागाची ताटाएवढी पानं दवाने जड होऊन खाली झुकली होती. खिडकीची काच बसेना, गार वारा कानात शिरत होता, आणि मला शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीसारखं वाटत होतं. केळझरनंतर झाडी विरळ झाली, शेतं लागली. सव्वा तासाने मूल. तिथे उतरलं की आधी भातगिरण्यांचा वास येतो, उकडलेल्या धानाचा, थोडा गोड. स्टँडसमोर तर्री पोहे खा. तर्री कमी मागा, तरी डोळ्यांत पाणी येतंच.

बुधवारी रेल्वे. रिक्षावाल्याला मी "स्टेशन" म्हटलं आणि तिथेच फसले. आयुष्यभर आमचं स्टेशन म्हणजे नागपूरच्या गाड्यांचं. मूलची गाडी सुटते चांदा फोर्टहून, गावाच्या दुसऱ्या टोकाहून. "मले काय माहीत तुमाले कुठी जाचं," रिक्षावाले भाऊ म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. गाडी चुकली. बसने गेले आणि येताना मात्र संध्याकाळची गाडी धरली. ती पन्नास मिनिटं उशिरा आली. भाडं बसच्या अर्ध्या तिकिटाहूनही कमी, बसायला ऐसपैस जागा, फलाटावर वानरांची सभा. लहानपणी याच मार्गावर छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, होती. मावशीकडे नागभीडला जाताना इंजिनाची काजळी माझ्या पांढऱ्या फ्रॉकवर पडायची आणि आई ती झटकू द्यायची नाही, पसरते म्हणायची. मी खिडकीतून बघत बसले आणि उशीर विसरून गेले. पण दवाखान्याच्या वेळेला ही गाडी जुळत नाही, हे कागदावर लिहावंच लागलं.

गुरुवारी कार. मूलला जाणारे चार नोकरदार एका गाडीतून जातात, महिन्याची वर्गणी काढतात. त्यांच्यातला एक जण बदलून गेल्याने एक जागा रिकामी होती. गाडीचे मालक शेतीखात्यातले, निखिलच्या ओळखीचे. पंचावन्न मिनिटांत दारात. "सुनबाईंना सांगा काकू, आठ म्हणजे आठ. आणि गाडीत सुकी मासळी आणायची नाही."

"मागच्या महिन्यात कोणी आणली होती?" मागच्या सीटवरून प्रश्न आला.

"माझी मी आणली होती. म्हणूनच सांगून राह्यलो."

मी मधल्या जागेवर, दोन खांद्यांच्या मध्ये. खिडकी लांब, पण गप्पा छान, हीटर सुरू. बसपेक्षा दुप्पट खर्च, तरी वेळ वाचतो. मी मनात कारला पास करून टाकलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर कागद पल्लवीपुढे ठेवला. सोयीच्या रकान्यात मी मन लावून लिहिलं होतं. बस: 'परत यायला सहा, इराच्या खाऊची वेळ चुकेल.' रेल्वे: 'उशीर, कुकर मलाच लावावा लागेल.' कार: 'साडेपाचला घरी, सगळं नीट होईल.'

पल्लवीने दोनदा वाचलं. मग हसली. "आई, ही घराची सोय झाली. माझी कुठे लिहिलीय?"

मी कागद माझ्याकडे ओढून परत वाचला. तीन दिवस तिच्यासाठी फिरत होते, आणि तिला काय हवंय हे एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"मला बस चालेल," ती म्हणाली. "खिडकीची जागा मिळाली तर बरं. जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास, कुणी मला हाक मारणार नाही. लग्न झाल्यापासून असा वेळ मिळाला नाहीये." मग इराकडे बघून हळूच म्हणाली, "तिच्यावर राग नाहीये माझा."

"मला माहीत आहे ग," मी म्हटलं.

"पण वेळ सगळ्यात जास्त त्यातच जातो," निखिल म्हणाला.

"तोच तर पाहिजे मला."

शुक्रवारी सकाळी तिने होकार कळवला.

तुम्हाला या रस्त्याने जायचं असेल तर हिवाळ्यात जा, सकाळच्या बसने जा, आणि पुढची खिडकी सोडून बसा. पावसाळ्यात गेलात तर मूलजवळचा सोमनाथचा धबधबाही होईल. रेल्वेने जाणार असाल तर रिक्षावाल्याला "चांदा फोर्ट" असं पूर्ण नाव सांगा.

पल्लवीला आता दोन महिने झाले. वंदनाताईंनी तिला त्यांच्या मागची रांग मिळवून दिली आहे, आणि ती जागा आता "लॅबवाल्या मॅडमची" म्हणून ओळखली जाते. कुकर मी लावते. इराच्या खाऊची वेळ अर्धा तास पुढे सरकली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज आठच्या सुमाराला फोन करायचे, बस चिचपल्लीला पोहोचली का म्हणून. ती "हो आई, पोहोचली" म्हणायची, न कंटाळता. दुसऱ्या सोमवारी मी फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, आणि तसाच परत ठेवून दिला.